ऑटो हाय बीमला दिवे दिसतात, माणसं नाहीत

२०२१ पासून आपल्याकडे मध्यम किमतीच्या गाड्यांमध्ये 'ॲडास' यायला लागलं. कॅमेरा आणि रडारच्या मदतीने चालकाला सावध करणाऱ्या, प्रसंगी स्वतः ब्रेक लावणाऱ्या यंत्रणांचा हा संच. एमजी ॲस्टर आणि महिंद्राची एक्सयूव्ही ७०० यांत तो आला, पाठोपाठ होंडा सिटीच्या हायब्रिडमध्ये, टाटाच्या हॅरिअर-सफारीत, ह्युंदाईच्या व्हर्ना-क्रेटात आला. या संचातलं एक काम रात्रीच्या दिव्यांचं आहे. रस्ता मोकळा असेल तर हेडलाइटचा झोत आपोआप वर न्यायचा, समोरून कोणी आलं की आपोआप खाली आणायचा. कोणी याला ऑटो हाय बीम म्हणतं, कोणी हाय बीम असिस्ट.

शोरूममध्ये हे दोन वाक्यांत सांगून होतं. मग गाडी रात्रीची रस्त्यावर येते आणि प्रश्न सुरू होतात. ऑटोवर ठेवलंय, तरी समोरचे ट्रकवाले लाइट का मारतात? घाटात वळणावर झोत खाली यायला उशीर का होतो? कडेने चालणारा माणूस समोर आला तरी झोत वरच का राहतो? आणि मुळात, यंत्र आपलं काम करतंय की नाही हे ओळखायचं कसं?

एक गोंधळ आधीच दूर करू. स्टिअरिंगजवळच्या दांडीवर जे 'ऑटो' लिहिलेलं असतं, ते अंधार पडल्यावर हेडलाइट आपोआप *लावण्यासाठी* असतं. झोत वर-खाली करणं ही वेगळी सोय. पुष्कळ गाड्यांत ती सुरू व्हायला दांडी ऑटोवर ठेवून पुढे ढकलावी लागते किंवा वेगळं बटण दाबावं लागतं. मग डॅशबोर्डवर दिव्याच्या चित्रात 'ए' हे अक्षर दिसतं. ते चित्र नसेल आणि नुसतं निळं चित्र असेल, तर वरचा झोत तुम्ही स्वतः लावून ठेवला आहे आणि तो कितीही गाड्या समोरून आल्या तरी खाली येणार नाही. "ऑटोवर आहे" म्हणणाऱ्या अनेकांचं इथेच चुकतं.

अपर म्हणजे जास्त पॉवर नव्हे

कंपनीच्या पुस्तकातले हाय बीम आणि लो बीम म्हणजे आपले अपर आणि डिपर. पुढे मी हेच शब्द वापरतो.

अपर म्हणजे मोठा दिवा आणि डिपर म्हणजे बारीक, असा सर्वसाधारण समज आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं लाखो गाड्यांत असलेला एच४ हॅलोजन बल्ब घ्या. त्यात दोन तारा असतात. अपरची तार ६० वॉटची आणि डिपरची ५५ वॉटची. फरक अवघा पाच वॉटचा. खरा फरक आहे तो डिपरच्या तारेखाली बसवलेल्या धातूच्या छोट्याशा वाटीत. तारेचा खाली जाणारा प्रकाश ही वाटी अडवते, त्यामुळे परावर्तकाच्या खालच्या भागावर आपटून जो प्रकाश वर उडाला असता, तो तयारच होत नाही. अपरच्या तारेला अशी वाटी नसते.

म्हणजे डिपरचं सगळं मर्म प्रकाश कुठे *थांबतो* यात आहे. रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर लावलात तर भिंतीवर एक ठळक रेघ दिसेल, खाली उजेड आणि वर अंधार. ही रेघ सरळ नसते. उजव्या बाजूला ती आडवी असते आणि मध्यापासून डावीकडे साधारण १५ अंशांनी वर चढते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, समोरची गाडी उजवीकडून येते. तिच्या चालकाचे डोळे वाचावेत म्हणून उजवीकडे प्रकाश खाली कापलेला, आणि डावीकडची साइडपट्टी, पाट्या, माणसं दिसावीत म्हणून तिकडे वर सोडलेला. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेले दिवे बरोबर उलटे असतात. ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून तसा जोड आपल्या गाडीला बसवला, तर तो डिपरवरही समोरच्याच्या डोळ्यात जाणार.

या तिरक्या रेघेचा एक परिणाम फारसा कोणी सांगत नाही, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. डिपरवर असताना डावीकडचा माणूस लांबून दिसतो, पण उजवीकडून रस्ता ओलांडत येणारा बराच जवळ आल्यावर दिसतो. तो अंधाऱ्या बाजूने येत असतो. दुभाजकाच्या फटीतून अचानक कोणी समोर आलं असं जेव्हा लोक सांगतात, तेव्हा बऱ्याचदा तो अचानक आलेला नसतो. तो उजेडात उशिरा आलेला असतो.

डोळे दिपतात म्हणजे नेमकं काय होतं

डोळ्यात शिरलेला सगळा प्रकाश सरळ आतल्या पटलापर्यंत पोचत नाही. काही डोळ्याच्या भिंगात विखुरतो आणि पटलावर पांढुरका थर पसरवतो. त्या थरात झगझगीत गोष्टी टिकतात, मंद गोष्टी बुडतात. गडद शर्ट घातलेला सायकलवाला, डांबरावर बसलेली म्हैस, पुसट झालेला पांढरा पट्टा, सगळं नाहीसं होतं. वय वाढतं तसं भिंग गढूळ होत जातं आणि हे विखुरणं वाढतं. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आणखीच. साठीच्या पुढची माणसं रात्री गाडी चालवायला नको म्हणतात, त्यामागे भित्रेपणा नसतो. त्यांना खरोखरच कमी दिसत असतं.

समोरची गाडी निघून गेल्यावरही डोळा लगेच पूर्वपदावर येत नाही. काही सेकंद जातात. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. तीन सेकंद धरले तर ६६ मीटर आपण अंदाजाने गाडी हाकलेली असते.

एलईडी दिवे जास्त टोचतात ही तक्रारही खरी आहे. हॅलोजनचा प्रकाश पिवळसर असतो, एलईडीचा निळसर पांढरा, आणि अंधाराला सरावलेला डोळा निळसर प्रकाशाला अधिक संवेदनशील असतो. शिवाय एलईडीत तेवढाच प्रकाश फार लहान जागेतून बाहेर पडतो, म्हणून तो ठिपका जास्त तीव्र दिसतो. पण नीट बसवलेला, कंपनीचा एलईडी डिपर डोळ्यात जाऊ नये अशीच त्याची रचना असते. त्रास देणाऱ्या बहुतेक दिव्यांची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे येतोच.

कॅमेरा काय शोधतो

झोत आपोआप खाली आणण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९५२ मध्ये ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक गाड्यांना 'ऑट्रॉनिक आय' नावाचं उपकरण दिलं होतं. डॅशबोर्डवर एक प्रकाशनळी उभी असायची, समोरून पुरेसा उजेड पडला की ती अपर बंद करायची. उजेड कशाचा आहे हे मात्र तिला कळत नसे. रस्त्यावरचे दिवे आणि चकाकणाऱ्या पाट्यांनीही ती फसायची.

आज त्या नळीच्या जागी आरशामागे, काचेला चिकटून बसलेला कॅमेरा आहे. तो सेकंदाला अनेक चित्रं घेतो आणि अंधारातले ठळक ठिपके शोधतो. पांढरे, जोडीने येणारे, मोठे होत जाणारे ठिपके म्हणजे समोरची गाडी. लाल ठिपके म्हणजे पुढे जाणारी गाडी. उंचावर ओळीने असलेले म्हणजे रस्त्यावरचे दिवे, अर्थात गाव किंवा शहर आलं. यांपैकी काही दिसलं की डिपर, काहीच दिसलं नाही की अपर. वेग फार कमी असेल तर यंत्रणा अपर लावतच नाही. गाडी निघून गेल्यावर ती पुन्हा वर जायला क्षणभर थांबते, नाहीतर झोत सारखा फडफडत राहिला असता.

मोकळ्या, सरळ रस्त्यावर समोरचे हेडलाइट कॅमेऱ्याला काहीशे मीटरवरून ओळखता येतात. मागचे लाल दिवे मंद असतात, म्हणून ते उशिरा कळतात.

या वर्णनात माणूस कुठेच नाही. झोत वर ठेवायचा की खाली आणायचा, हे ठरवताना कॅमेरा *दिवे* शोधतो. धडक टाळण्यासाठी ब्रेक लावणारी यंत्रणा त्याच कॅमेऱ्यातून माणूस ओळखू शकते, पण ते काम वेगळं. पायी चालणाऱ्याच्या अंगावर दिवा नसतो. त्याच्यासाठी अपर खाली येईल अशी अपेक्षाच या सोयीच्या रचनेत नाही.

आपल्या रस्त्यांवर ही सोय कुठे अडते

पायी चालणाऱ्यांपासूनच सुरुवात करतो. मुंबईहून शिर्डीला निघालेल्या पदयात्रा पाहिल्या असतील. ऊन टाळायला माणसं रात्री आणि पहाटे चालतात. आषाढात पंढरीच्या वाटेवर पहाटेच्या अंधारात वारकरी असतात. रात्रपाळी संपवून कारखान्यातून घरी निघालेले, शेताला पाणी द्यायला निघालेले असतात. त्यांच्या तोंडावर अपर पडला की त्यांना पुढचा खड्डा दिसत नाही, गाडी किती जवळ आली ते कळत नाही, आणि भांबावून एखादा नेमका रस्त्याच्या आत पाऊल टाकतो. अशा वेळी दांडी ओढून झोत खाली आणायचं काम आपल्याच हाताचं आहे. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यात जवळपास पाचातला एक जण पायी चालणारा होता, आणि चाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे. दिव्यांचा विषय निघाला की चर्चा कारवाल्यांच्या सोयीचीच होते, म्हणून हा आकडा इथे दिला.

दुचाकीचा दिवा एकच असतो. लांबून तो एकटा ठिपका गाडीचा आहे की कुणाच्या ओट्यावरच्या बल्बचा, हे ठरवायला कॅमेऱ्याला जास्त वेळ लागतो. एक डोळा गेलेल्या टेम्पोचंही तेच.

घाटात अडचण वेगळी. कशेडी असो, ताम्हिणी असो की आंबोली, वळणापलीकडची गाडी कॅमेऱ्याच्या नजरेत येते तीच अगदी समोर. माणसाला मात्र ती आधीच कळलेली असते, कारण डोंगराच्या अंगावर, झाडांच्या शेंड्यांवर तिचा उजेड सरकताना आपण पाहतो आणि आधीच डिपर करतो. चढाच्या माथ्यावरही असंच. पलीकडून येणाऱ्या गाडीचा उजेड आभाळात दिसतो, दिवे नंतर. घाटात मी ही सोय बंद ठेवावी असंच सांगेन. तिथे हाताला जास्त कळतं.

दुभाजक असलेल्या रस्त्यावर एक फसवी स्थिती येते. मध्ये कण्हेर किंवा बोगनवेल लावलेली असते. समोरच्या ट्रकचे दिवे त्या झुडपांआड झाकले जातात, पण ट्रकचालक उंच बसलेला असतो आणि तुमचा झोत सरळ त्याच्या केबिनमध्ये जातो. कॅमेऱ्याच्या लेखी रस्ता मोकळा. ट्रकवाले लाइट मारून चिडतात ते बऱ्याचदा यामुळे, आणि त्यांचं चुकत नाही.

पाऊस, धुकं आणि मळलेली काच यांनी कॅमेरा अधू होतो. रात्रभराच्या प्रवासात काचेवर किडे चिकटून वाळतात, ते नेमके कॅमेऱ्यापुढे असतील तर वायपरने पुसेपर्यंत त्याला नीट दिसत नाही. फास्टॅगही आपण काचेच्या वरच्या भागात, आरशाजवळच चिकटवतो. तो कॅमेऱ्याच्या समोर येत नाही ना, हे एकदा बाहेर उभं राहून पाहा. पुढची काच बदलली असेल तर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. काच बसवणाऱ्याला हे मुद्दाम विचारा.

दाट धुक्यात तर अपरचा उपयोगच नाही. झोत समोरच्या थेंबांवर आपटून तुमच्याच डोळ्यात परत येतो. डिपर, फॉग लॅम्प आणि कमी वेग, एवढंच तिथे चालतं.

"पण डिपरमध्ये दिसतच नाही!"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो खोटा नाही.

डिपरचा झोत खाली झुकलेला असतो, दर १० मीटरला साधारण १० सेंटिमीटर. दिवा जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर असेल तर झोताची वरची कड ७० मीटरवर रस्त्याला टेकते. डावीकडचा चढता भाग त्यापुढे जातो, पण गडद कपड्यातला माणूस अनेकदा ३०-४० मीटरच्या आत आल्यावरच ओळखू येतो.

आता थांबायला लागणारं अंतर पाहू. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरू, रस्ता कोरडा, टायर चांगले. ताशी ६० ला गाडी सुमारे ४५ मीटरमध्ये थांबते. ८० ला ६९ मीटर लागतात. १०० ला ९७. समृद्धी महामार्गावर कारला मुभा असलेल्या १२० ला जवळजवळ १३०. ओल्या रस्त्यावर हे सगळे आकडे वाढतात.

म्हणजे डिपरवर ८० ने जाणारा माणूस, जे त्याला दिसेल त्याच्या अलीकडे थांबूच शकत नाही. दिसत नाही ही तक्रार दिव्याबद्दल केली जाते, पण जुळत नसतो तो वेग.

आणि ऑटो हाय बीमचा सगळ्यात मोठा धोका मला इथेच दिसतो. मोकळ्या रस्त्यावर अपर आहे, १५० मीटर लख्ख दिसतंय, गाडी १०० ने चालली आहे. समोरून गाडी येते, कॅमेरा आपलं काम चोख करतो, झोत खाली येतो. वेग मात्र तोच राहतो. क्षणात तुमचा दिसणारा रस्ता अर्ध्यावर आला आणि थांबायचं अंतर ९७ मीटरच राहिलं. हाताने डिपर करणाऱ्या माणसाला निदान कळतं की आता कमी दिसणार. यंत्राने परस्पर केलं की ते लक्षातही येत नाही. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप कायम ठेवणारी सोय, लावलेलं असेल तर पाय ॲक्सिलरेटरवर नसतोच.

नेमक्या याच क्षणी डाव्या बाजूला उसाची ट्रॉली असू शकते. गळीत हंगामात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरच्या रस्त्यांवर रात्रभर ट्रॅक्टर चालतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या. ऊस इतका बाहेर आलेला असतो की मागचा दिवा असला तरी झाकला जातो, रिफ्लेक्टरही. वेग जेमतेम वीस. अपरमध्ये ही ट्रॉली लांबून दिसली असती, डिपरमध्ये ती अंगावर आल्यावर दिसते. म्हणून सवय एकच लावून घ्या. झोत खाली आला, मग तो यंत्राने आणलेला असो की तुम्ही, की पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा. गाडी निघून गेली, अपर परत आला, की पुन्हा वेग घ्या. दोन-चार सेकंदांचा प्रश्न असतो.

"समोरचा खाली करत नाही, मग मीच का करू?"

कारण दोघे ८० ने येत असतील तर तुमच्यातलं अंतर सेकंदाला ४४ मीटरनी कमी होत असतं, आणि दोघांनाही दिसत नसणं हे एकाला दिसत नसण्यापेक्षा वाईटच. तुम्ही सूड म्हणून अपर ठेवला की समोरचा आंधळा होऊन तुमच्याच दिशेने येतो.

एकदा क्षणभर लाइट मारून आठवण द्या. नाही ऐकलं तर वेग कमी करा आणि नजर समोरच्या दिव्यांवरून काढून डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवा. गाडी तुमच्या बाजूला राहते आणि डोळ्यात थेट प्रकाश कमी जातो. नियमही स्पष्ट आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालवण्याच्या विनियमांत समोरून गाडी येत असेल किंवा पुढच्या गाडीच्या मागोमाग जात असाल तर झोत खाली ठेवायला सांगितलं आहे. पुढच्या गाडीचं बहुतेक जण विसरतात. तिच्या तिन्ही आरशांत तुमचा अपर भरलेला असतो.

"मी डिपरवरच असतो, तरी लोक लाइट मारतात"

मग दिव्यांची सेटिंग बिघडलेली असण्याची शक्यता मोठी. एक अंशाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण ५० मीटरवर तो झोत जवळपास ८७ सेंटिमीटर वर नेतो. बंपरवर पडायचा प्रकाश डोळ्यावर पडतो.

यात सगळ्यात साधं कारण ओझं. दिवाळीला गावी निघताना मागे तिघे, डिकीत सामान, की गाडीचं नाक वर होतं आणि दिवेही. यासाठीच स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ आकडे असलेली एक छोटी चकती असते. आकडा वाढवला की झोत खाली येतो. एकटे असाल तर ०, सगळ्या सीट भरल्या की १, डिकीही भरली की २ किंवा ३. नेमकं कोणत्या ओझ्याला कोणता आकडा, हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. कित्येक गाड्यांमध्ये ही चकती विकत घेतल्यापासून हललेली नसते.

दुसरं कारण बाहेरून बसवलेले एलईडी बल्ब. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात तारेची जागा मिलिमीटरच्या हिशेबाने ठरलेली असते. तिथे एलईडीचा बल्ब खोचला की प्रकाश वेगळ्या जागेतून, वेगळ्या दिशांना निघतो आणि ती भिंतीवरची ठळक रेघ फिसकटते. उजेड जास्त झाल्यासारखा वाटतो, कारण गाडीपुढचे पंधरा-वीस मीटर झगझगतात. लांबचं उलट कमी दिसतं आणि वर उडालेला प्रकाश समोरच्याच्या डोळ्यात. जास्त वॉटचे हॅलोजन लावले तर होल्डर आणि वायरिंग तापतं ते वेगळंच. ज्यांना खरोखर कमी दिसतं त्यांनी आधी हेडलाइटचं कव्हर पाहावं. ते प्लास्टिकचं असतं, उन्हाने काही वर्षांत पिवळं आणि धुरकट होतं. घासून पॉलिश केलं तर त्याच बल्बमध्ये फरक पडतो.

सेटिंग घरीही तपासता येते. टायरमधली हवा बरोबर, चकती ० वर, एक जण चालकाच्या जागी. सपाट जमिनीवर भिंतीपासून दिवे ५ मीटरवर येतील अशी गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीवर खूण करा. डिपर लावल्यावर रेघेचा आडवा भाग त्या खुणेच्या ५ सेंटिमीटर खाली यायला हवा. दिवे उंच बसवलेल्या एसयूव्हीत आणखी थोडा खाली. वर असेल तर गॅरेजमध्ये बीम सेटरवर लावून घ्या, दिव्यामागचे स्क्रू फिरवण्याचं काम आहे. टायर, सस्पेन्शन किंवा बंपरचं काम झालं असेल तर हे तपासायलाच हवं.

झोताचा तुकडाच विझवणारे दिवे

वर-खाली या दोनच पर्यायांतून सुटण्याचा मार्ग आता निघाला आहे. पूर्वी बाजारपेठेतल्या दुकानांना फळ्यांचे दरवाजे असत. हव्या तेवढ्या फळ्या काढायच्या, बाकीच्या तशाच. मॅट्रिक्स दिवे असेच. अपर अनेक छोट्या एलईडींमध्ये विभागलेला असतो आणि समोरची गाडी ज्या पट्ट्यात येते तेवढाच पट्टा विझतो. गाडी सरकते तसा अंधारा पट्टा सरकतो, बाकीचा रस्ता उजळलेलाच राहतो. ऑडीने २०१३ मध्ये ए८ गाडीत आणलेल्या दिव्यात अपरसाठी अशा २५ एलईडी होत्या. अमेरिकेत तिथल्या नियमांमुळे हे दिवे २०२२ पर्यंत चालत नव्हते. आपल्याकडे ते प्रामुख्याने महाग गाड्यांत आहेत. झोत खाली आल्यावर रस्ता अर्धा होण्याचा जो धोका वर सांगितला, तो यात बराच कमी होतो. पायी माणसाचा प्रश्न मात्र पुष्कळ ठिकाणी तसाच राहतो, कारण इथेही शोध मुख्यतः दिव्यांचाच.

मग ही सोय बंदच ठेवायची का?

नाही. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या आयआयएचएस या संस्थेने तिथल्या ॲन आर्बर शहराच्या परिसरात निरीक्षण केलं, तेव्हा समोर-पुढे कोणीच नसताना, अपर लावायला हवा अशा ठिकाणी, चालक तो जेमतेम १८ टक्के वेळा लावत होते. तिथे लोक अपर लावायला विसरतात, म्हणून तो आपोआप वर नेणारी सोय मोलाची ठरली. आपल्याकडे दुखणं उलटं आहे. आपण अपर लावतो आणि खाली आणत नाही. त्यामुळे या सोयीने आपल्याकडे खरं बजावायचं काम खाली आणण्याचं, आणि तेवढं ती सरळ, मोकळ्या, दुहेरी रस्त्यावर चांगलं करते. जो माणूस एरवी रात्रभर अपर ठेवून जातो, त्याच्या गाडीत ती चालू असणं समोरच्यांसाठी नक्कीच बरं.

समृद्धीवर, रात्री उशिरा, वाहनं तुरळक असताना ती चालू ठेवा. दुभाजकातल्या झुडपांपलीकडे ट्रकची केबिन दिसली की हाताने खाली करा. घाटात, धुक्यात, मुसळधार पावसात बंद. गावाच्या हद्दीत दिवे लांब-लांब असतील तर कॅमेरा पुन्हा अपर लावू शकतो, तिथेही दांडी आपल्या हाती असू द्या. आणि कडेला पायी चालणारं किंवा सायकलवर कोणी दिसलं, तर कॅमेरा काय करतो याची वाट न पाहता झोत खाली, वेग खाली. नवी गाडी घेतलेल्यांनी पहिल्या रात्रीच, रहदारी नसलेल्या रस्त्यावर, ही सोय हाताने चालू-बंद करायची कशी ते दोन-तीनदा करून पाहावं. गाडीगणिक दांडीची दिशा वेगळी असते, आणि समोरून वाहन येत असताना ती शोधत बसायला वेळ नसतो.